हात वर

मी आता सभांना जात नाही. आयुष्यात इतक्या सभा केल्या, की कुणाच्या लग्नात माईक चालू झाला तरी माझं डोकं उठतं. लेक म्हणते, आई, तू लय चिडकी झालीस. झाले असेन. पाय दुखतात, झोप लागत नाही, आणि गावात दर आठवड्याला कुणीतरी नवा फ्लेक्स लावतं.

कुपवाडच्या सूतगिरणीत माझी उमेदीची वर्षं गेली. शिफ्ट सुटली की गेटसमोर लिंबाखाली युनियनची सभा भरायची. संप करायचा की नाही, तडजोड घ्यायची की नाही, सगळं हात वर करून ठरायचं. हात मोजायचं काम आमच्या सेक्रेटरीकडं. पायानं अधू, पण हट्टी माणूस. बोट नाचवत रांगांमधून फिरायचा, मध्येच कुणी काही बोललं की आकडा विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याची अट एकच, मोजून होईपर्यंत हात खाली आणायचा नाही. आणला की मत गेलं. दिवसभर यंत्रावरनं सुतानं भरलेल्या बॉबिन काढून आमचे खांदे आधीच भरून आलेले असायचे. मग बायकांनी युक्ती काढली. आपला उजवा हात वर ठेवायचा आणि डाव्या हातानं शेजारणीच्या कोपराला टेकू द्यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय ही एकजूट! एकजूट कसली डोंबलाची, खांदे दुखायचे.

त्याच हातांनी बोनस मिळवला, पाळणाघर मिळवलं. गिरणी मात्र राहिली नाही. ती बुडाली की बुडवली यावर चहाच्या गाड्यावर अजून भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. आता त्या जागेवर बेदाण्याची कंपनी आहे. बेदाणे पट्ट्यावरून पुढं सरकत असतात आणि दोन्ही बाजूंनी बायका त्यातल्या काड्या नि खडे वेचतात. माझी लेक तिथं आहे. कंपनीची कामगार नव्हे, ठेकेदाराची. तिच्या एकटीच्या पगारावर आमचं घर चालतं.

कंपनीनं गावाला काय दिलं नाही? देवळापुढं पत्र्याचा मांडव दिला, व्यायामशाळा दिली, डोळे तपासायचं शिबिर घेतलं. निवडणूक आली की एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या पक्षांचे फ्लेक्स लागतात, आणि सगळ्यांच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह तेच. यंदा मालकांनी मधली माणसं बाजूला सारली आणि सरळ पुतण्यालाच उभं केलं.

त्याच्या प्रचाराच्या सभेला सुट्टीच्या दिवशी बायकांना कंपनीच्या टेम्पोतून नेलं. लेकीच्या शेजारी पट्ट्यावर उभी राहणारी एक पोर गेली नाही. तिचं तान्हं तापानं फणफणलं होतं. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. कारण विचारलं तर म्हणाला, काम कमी झालंय.

लेक घरी आली ती तणतणतच. "मी विचारणार हाय. पुतण्या येणार हाय कंपनीत, कुटुंबासकट बोलावलंय समद्यांना. तिथंच विचारते."

"काय न्हाई विचारायचं," मी म्हटलं. "हात खाली ठेवायचा नि गप बसायचं. मी जन्मभर वर केला. गुडघ्याचं दुखणं सोडून काय घावलं?"

"पाळणाघर घावलं की. मी त्यातच वाढले."

मी भांडी आपटली नि झोपले.

सभा कंपनीच्या शेडमध्येच होती. न गेलेल्या पोरीचं काय झालं ते बघून मीही गेले, लेकीच्या शेजारी बसले. प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर भिरभिरणारा ड्रोन, आणि आल्या आल्या उप्पीट. घोषणा सुरू झाल्या तर चाल आमचीच. आम्ही गेटवर ओरडायचो, कोण म्हणतो देणार नाही. यांनी ‘देणार’च्या जागी ‘येणार’ घातलं होतं. माझे ओठ सवयीनं हलले, मग माझाच मला राग आला.

पुतण्या बोलला चांगलं. पोरगेला, गोड चेहऱ्याचा, हात जोडून उभा. "मी तुमच्या घरचाच हाय," म्हणाला. "कुणाला काय अडचण असली तर बिनधास्त हात वर करा."

लेकीनं हात वर केला.

अख्ख्या शेडमध्ये तेवढाच हात. त्यानं तो बघितला, आणि त्याला बघताना मी बघितलं. मग नजर फिरवली आणि रस्त्याच्या कामावर बोलायला लागला. कडेला उभ्या सुपरवायझरनं लेकीला बोटानं खूण केली, खाली घे. तिनं घेतला नाही. पुढच्या बायका मान वळवून बघायच्या आणि पटकन पुढं बघायच्या. रस्ता झाला, पाणी झालं, महिला बचत गट झाले. तिचं कोपर वाकायला लागलं.

मला भीती वाटली, खरंच सांगते. उद्या चूल कशी पेटायची ही भीती. आणि राग आला, लेकीचा, त्या गोड चेहऱ्याचा, माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचाही. वाटलं होतं, हा ताप आता आपल्या मागचा गेला. कसला जातोय. मी उजवा हात वर केला आणि डाव्या हातानं तिचं कोपर धरलं.

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. फक्त हाताचा भार माझ्या तळव्यावर सोडला.

शेवटी त्याला थांबावं लागलं. "बोला ताई."

लेक उठून म्हणाली, "आमच्यातल्या एकीला कामावरनं काढलंय. पोर आजारी हुतं म्हणून ती तुमच्या सभेला आली न्हाई. तिला परत घ्या."

"तो ठेकेदाराचा विषय हाय," तो हसून म्हणाला, "कंपनीचा संबंध येत न्हाई. तरी बघू आपण." टाळ्या पडल्या. बघू म्हणणाऱ्यानं कधी बघितलं नाही, हे मला गिरणीपासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी लेकीलाही गेटातून आत सोडलं नाही. ती डबा तसाच घेऊन परत आली. मी तिला नाही नाही ते बोलले. मग आम्ही दोघींनी तोच डबा खाल्ला. भाजी विटली नव्हती, एवढंच.

संध्याकाळी पट्ट्यावरच्या तिघी-चौघी आल्या. पुढच्या दारानं नाही, मागून, न्हाणीच्या बाजूनं. चहा केला. कुणीच त्या विषयावर बोलेना. कुणाच्या शेळीला पिल्लं झाली, तेल किती महागलं, असलंच सगळं. मला वाटलं, तोंड दाखवायला आल्यात, जातील आता. मला आडवं पडायचं होतं.

उठता उठता त्यातली एक, सगळ्यात बुजरी, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आवं मावशी, त्यो हात किती येळ वर धरायचा असतो?"

सांगत बसायचं माझ्यात त्राण नव्हतं. "कर वर," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारणीला तिचं कोपर धरायला लावलं.