इवाईनं भरलेलं पेट्रोल

माझ्या म्हाताऱ्या गाडीचा प्लग सारखा काजळी धरत होता. घासून बसवला तरी थोड्याच अंतरावर गाडी पुन्हा आचके द्यायची. माझं निदान तयार होतं. लेकीचे सासरे, म्हणजे माझे इवाई, गाडी लग्नाला घेऊन गेले होते. त्यांनीच भेसळीचं पेट्रोल भरलं असणार. अख्ख्या चौकात मी हे हातवारे करून रंगवलं.

मग शिरपूरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. इवाई शेजारीच बसले होते.

"असं पेट्रोल कायले भरलं तुमी?" मागे बसलेल्या लेकीसमोर मी विचारलं.

ते गोरेमोरे झाले. "चुकलं असन माह्यं," म्हणत उतरले आणि धक्का मारू लागले.

प्लग पुसायला फडकं हवं म्हणून मी पिशवीत हात घातला आणि थिजलो. गार इंजिन सुरू करताना ओढायच्या चोकच्या बटणालाच मी ही पिशवी रोज अडकवत होतो. तिच्या वजनानं चोक बाहेर ओढलेलाच राहायचा, इंजिनात पेट्रोल जास्त जायचं आणि प्लग काळा पडायचा.

मी अडखळत सगळं सांगितलं. लेक खिडकीबाहेर बघत राहिली. इवाई घाम पुसत म्हणाले, "मंग आता गावाले कोण सांगीन?"

माझ्यासारखा तोंडाळ माणूस, पण मान वर होईना. "मीच," एवढंच म्हणालो.