खळ दिलेली टोपी

आज पेजेची खळ केली आणि त्या वासाने मला थेट जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या शाळेत नेऊन उभं केलं. तुमच्यातली थोरली तेव्हा दुसरीत होती. घोडागाडीतून अमेरिकेच्या नव्या मुलखात घर करायला निघालेल्या मुलींच्या, जुन्या काळच्या कादंबऱ्यांनी तिला वेड लावलं होतं. फाशिंगला, म्हणजे तिथल्या सोंगं घेण्याच्या सणाला, तिला तशीच मुलगी व्हायचं होतं. मी माझ्या सुती साडीची झालरीची टोपी शिवली आणि खळ देऊन झालर कडक केली. वर्गाच्या दारात तिच्या बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, "किती गोड! पण हिच्या रंगाला, काळ्या वेण्यांना पिसं जास्त शोभली असती, नाही?" आणि त्यांनी त्याच गोष्टींतल्या आदिवासींच्या सोंगाची, डोक्याला बांधायची पिसांची पट्टी पुढे केली. पिसांचं मला वावडं नाही. पण हिने कोण व्हायचं, हे त्यांनी का ठरवावं? थोरलीने हनुवटीखालच्या नाडीला हात घातला. "आजी, काढू का?" "अजिबात नाही," मी म्हटलं आणि बाईंना ऐकवलं, "हिचे आईवडील दोन बॅगा घेऊन अनोळखी देशात घर करायला आले. त्या गोष्टीतली मुलगी या वर्गात हिच्याइतकी कोण आहे?" बाई "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणत मान डोलावू लागल्या, पण पट्टी काही खाली ठेवीनात. मी नाडीची गाठ आणखी घट्ट बांधली. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही. आजची खळ त्याच टोपीला दिली आहे. आता ती धाकटीला बसेल. थोरले, गाठ तू बांध.