सुई उकळेपर्यंत

आमच्या पालममध्ये म्हाळसाबाईंइतकी कमी बोलणारी बाई दुसरी नव्हती. मी त्यांची शेजारीण. भांडखोर बायकांना मी कधी घाबरले नाही, यांना मात्र घाबरायचे.

त्यांच्या सुनेला, सुमनला, ताप येऊ लागला आणि डॉक्टर फटफटीवरून घरी येऊ लागले. काचेची सिरिंज अन् सुई म्हाळसाबाईंच्या हातात देत म्हणायचे, "चांगली उकळा, घाई नको." म्हाळसाबाई मागच्या चुलीवर पाणी ठेवायच्या. तोवर पुढच्या खोलीत डॉक्टर आणि सुमन दोघंच. किती जीव लावून औषध करतो, असं सगळे म्हणायचे. डोंबलाचं औषध!

एकदा सुनेच्या अंगाला तेल लावताना म्हाळसाबाईंनी तिचे दंड चाचपले. सुईची एकही खूण नव्हती. हे त्यांनी मला फार पुढं सांगितलं. तेव्हा अब्रूपायी त्या गप्प बसल्या आणि पाणी उकळत राहिल्या. जाळापुढचा त्यांचा तो चेहरा आठवला की अजून अंगावर काटा येतो.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा, सुमनचा नवरा दत्तराव, आजारी पडला. आधी साधी हगवण. डॉक्टरांनी त्याला सुया सुरू केल्या, त्या मात्र खऱ्या. प्रत्येक सुईनंतर तो आणखी खचायचा. हातपाय गार, ओठ निळे. नामांतराच्या दंगलीनं एसट्या बंद होत्या, त्यामुळे परभणीला न्यायची सोय नव्हती. डॉक्टर तेवढे न चुकता यायचे.

त्या दुपारी मी दूध द्यायला गेले होते. डॉक्टरांनी सुई भरली, दत्तरावाचा दंड धरला, तशा म्हाळसाबाई मध्ये आल्या.

"डाक्टरसायेब, आधी सुमनला टोचा. तिचा ताप अजून गेला न्हाई."

"तिला हे औषध चालत नाही, बाई."

"का चालत न्हाई?"

डॉक्टर हसले. कपाळावर घाम फुटला होता. सुईत काय भरलंय हे सुमनला ठाऊक नव्हतं. तिनं बाही वर सारली.

"टोचा की. आत्याबाईच्या जिवाला बरं वाटंल."

डॉक्टर तिच्या दंडाकडे बघतच राहिले. सिरिंज हातातून सुटून फरशीवर फुटली.

सुमननं काचांकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. "काय व्हतं त्यात? ह्यांना काय देत व्हता तुमी?"

डॉक्टर तसेच उठले आणि फटफटीवर बसून निघून गेले. पालममध्ये ते पुन्हा दिसले नाहीत.

दत्तराव वाचला. सासूसुना पुढं वर्षानुवर्षं एका घरात राहिल्या. म्हाळसाबाईंनी त्या तापाबद्दल सुनेला कधी एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्या कधीतरी विचारतील या धास्तीनं सुमन माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली.