खंडेनवमीला मशिनं बंद कोणी केली?

खंडेनवमी जवळ आली की ती घटना मला अजून आठवते, आणि राग येतो तो स्वतःचाच. तेव्हा मी सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्याचा बंदोबस्त नुकताच उतरला होता, अंग आंबून गेलं होतं. तेवढ्यात एका टॉवेल कारखान्याचे मॅनेजर तावातावाने तक्रारी अर्ज घेऊन आले. त्यांच्या कार्यालयातले चाळीसच्या चाळीस कॉम्प्युटर एकाच वेळी कोरे झाले होते. डिझाइनं, ऑर्डरी, सगळं पुसलं गेलं होतं.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "ती कॉम्प्युटरवाली पोरगी घरी बसून सगळी मशिनं चालवती. मॅनेजरसंगं तिचं भांडण झालंय. तिलाच विचारा की."

ही मुलगी कंत्राटावर होती. दुरुस्ती, नवे प्रोग्रॅम, संध्याकाळी सगळी मशिनं बंद करणं, हे सगळं ती एका वेगळ्या मेन मशिनवर बसून करायची. तिला नुकतंच सरकारी नोकरीचं पत्र आलं होतं आणि तिचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज नेमका माझ्याच टेबलावर होता. मी फार विचार केला नाही. "चौकशीत संशयित" असा शेरा मारला, सही ठोकली आणि कागद दुसऱ्या दिवशी दुपारी जाणाऱ्या टपालात ठेवला.

मग महिला अंमलदारासमोर तिचा जबाब घेतला. वाटलं होतं, आधी रडेल, मग बोलेल. अहो, ती रडते कसली, चिडली!

"भांडले, व्हय. आईला दवाखान्यात न्यायला रजा देत नव्हते म्हणून भांडले. पण साहेब, मी लावलेली मशिनं मीच कशाला मारू? मशिनमधली नोंद बघा की. खंडेनवमीला सकाळी अकरा वाजता कारखान्यातल्याच मेन मशिनवरून कमांड गेलीय. मी तेव्हा दवाखान्यात होते."

दवाखान्यात चौकशी केली. ती खरं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद दाखवायला तिला बरोबर घेऊन मी कारखान्यात गेलो. मॅनेजर हसले. "त्या दिवशी मशिनला कोण हात लावणार साहेब? फक्त पूजा झाली."

तिथे मी थबकलो. खंडेनवमीला आमच्या ठाण्यातही हत्यारांची पूजा होते. पण आधी एक जण प्रत्येक रायफल रिकामी आहे ना, हे तपासतो, मगच हळदकुंकू. मी विचारलं, "पूजेआधी ही चाळीस मशिनं बंद कोणी केली?"

 मॅनेजरांच्या मागे उभे असलेले कार्यालयाचे हेडक्लार्क पुढे आले. मूळचे कर्नाटक सीमेलगतच्या मैंदर्गीचे, बोलणं कानडी वळणाचं, निवृत्तीला काही महिने उरलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"मीच दाबलो साहेब. ही रोज एका जागी बसून सगळी बंद करती, ते बघितलो होतो. माझे गुडघे लई दुखतेत, तीन मजले कुटं चढू? हिच्या खुर्चीत बसलो, पडद्यावरच्या यादीत सगळ्या मशिनांवर खूण केलो आणि बटण दाबलो. पडदे काळे झाले. मला वाटलं, झालं काम. हार घातलो."

अडीअडचणीला असू दे म्हणून मुलीनेच त्यांच्याकडे पासवर्ड लिहून दिला होता. अण्णांनी बंद करण्याच्या ओळीखालची, सगळं पुसून टाकण्याची ओळ दाबली होती.

"आणि तो फोन?" मी विचारलं.

"भ्यालो साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

मी असा तापलो होतो! पण ती मुलगी पुढे झाली. "अण्णा, मला एक फोन करायचा की. कुठलं बटण ते मी सांगितलं असतं." तेव्हा कुठे तिचे डोळे भरले. मग डोळे पुसून ती कामाला बसली. रोज काढून ठेवलेल्या प्रतींवरून तिने दोन दिवसांत बहुतेक सगळं परत उभं केलं. त्या प्रतींबद्दल मॅनेजरांनी तिला साधं विचारलंसुद्धा नव्हतं.

मी मात्र अण्णांचं ऐकून त्याच पावली ठाणं गाठलं होतं. जावक कारकून पाकीट चिकटवत होता. कागद हिसकावून घेतला, शेरा खोडला, "निरंक", म्हणजे नावावर काही नाही, असं लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली.  कुठली ओळ काय करते, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. मी लिहिलेली ओळ काय करते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून जबाब घेतल्याशिवाय मी कुणाच्याही नावापुढे शेरा लिहिला नाही.

महिनाभराने ती पेढे घेऊन ठाण्यात आली. "साहेब, तुमच्यामुळं नोकरी लागली," म्हणून वाकून नमस्कार केला. आधी मी "संशयित" लिहिलं होतं, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. पेढा हातात घेतला आणि ती गेल्यावर तसाच जावक कारकुनाच्या टेबलावर ठेवला.