लाँचचं इंजिन आणि अक्काचा बंब

आमच्या गावात दोन-चार म्हातारे असे होते, की तापीला पूर आला आणि कापलेले केळीचे घड काठावर काळे पडायला लागले, की माझ्या दाराकडे बघून म्हणायचे, "लाँच आली असती तर..." पुढचं बोलायचे नाहीत. एकदा बोलले असते तर बरं झालं असतं. उत्तर माझ्याकडे तयार होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते.

गाव तापीच्या दक्षिण काठाला. केळीच्या बागा आमच्याकडे, आणि माल चढवायचं स्टेशन रावेरचं, म्हणजे पलीकडे. उन्हाळ्यात बैलगाड्या पात्रातून जायच्या, पावसाळ्यात लाकडी नाव. पूर चढला की नावही बंद, आणि कापलेला घड कुणासाठी थांबत नाही. म्हणून दुसरी मोठी लढाई संपल्यावर काही वर्षांनी गावानं ठरवलं, की सगळ्यांनी मिळून एक मोटरलाँच घ्यायची. ठरवलं ते चांगलंच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

ती चालवायची कुणी, हेही ठरलं. विहिरीवरचं ऑइल इंजिन गावात पहिल्यांदा आमच्या घरी आलं होतं आणि ते आमचे मालक चालवायचे. तेव्हा लाँचही त्यांनीच चालवायची, त्यात विचारायचं काय? म्हणजे भर पुरात, माल आणि माणसं घेऊन, त्या इंजिनाच्या भरवशावर माझा नवरा जाणार होता. बाकीचे काठावर उभे राहून बघणार होते. हे मी तेव्हा बोलले नाही, पण रात्रंदिवस मनात हेच होतं.

लाँच विकायला होती धुळ्याला, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरी. अक्काच्या नवऱ्यानं लढाईनंतर लष्कराच्या लिलावातला माल आणून विकायचा धंदा धरला होता. तंबू, पिंपं, ट्रकचे टायर, आणि आता मुंबईहून ट्रकवर चढवून आणलेली ही लाँच. घराच्या मागे आग्रा रोडला लागून गोदाम, तिथं ती लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली. इंजिन साधंसुधं नव्हतं. शत्रूच्या बोटींचा पाठलाग करायला बनवलेलं, भारी ताकदीचं, पेट्रोलवर चालणारं. तुमची तापी त्याच्यापुढं म्हणजे नाला, असा निरोप मेहुण्यांनी पाठवला होता.

गावातर्फे माल बघायला निघाले माझे मोठे दीर, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, दोन बागाईतदार, आणि आमचे मालक. बहिणीचं घर म्हणून मीही निघाले. संक्रांतीचे दिवस होते, तिळगूळ द्यायचं निमित्त होतं. जळगावला बस बदलून एरंडोल, पारोळा करत आम्ही संध्याकाळी धुळ्यात उतरलो. सबंध वाटेत नानांचं एकच पालुपद, की सोयऱ्याकडचा माल म्हणजे घरचा माल. आमच्या मालकांनी हळूच सांगितलं, की इंजिन रात्रभर गार राहिलेलं असावं आणि सकाळी आपल्यासमोर पहिल्यांदा चालू करावं, म्हणजे खरं काय ते कळतं. तापलेलं इंजिन कसलंही असलं तरी चालू होतं. नाना म्हणाले, बैलाचे दात मोजतोस तसे सोयऱ्याचे मोजू नकोस.

रात्री वरण-बट्टी आणि भरीत झालं. मेहुण्यांनी आग्रह करकरून वाढलं. चौघं असे जेवले, की सकाळी त्या घरी कुणाला वाकडा प्रश्न विचारायची सोयच उरली नाही. आमच्याकडची ही रीत मला कधीच पटली नाही. बैल घ्यायला गेलं तर शेपटी उचलून बघतात, मुलगी बघायला गेलं तर चालवून बघतात, आणि ज्या यंत्रावर माणसांचे जीव सोपवायचे ते बघायच्या आधी मात्र त्याच्या मालकाचं मीठ खाऊन बसतात.

पहाटे मेहुण्यांनी सगळ्या पुरुषांना पांझरा नदीवर फिरायला नेलं. आल्यावर आधी लाँच बघू, आंघोळी नंतर, म्हणाले. मी चुलीपाशी अक्काला मदत करत होते. धुळ्याची पौषातली थंडी, पाण्यात हात घालवत नव्हता. मी आंघोळीला गरम पाणी मागितलं. परसात तांब्याचा मोठा बंब धगधगत होता, तासाभरापूर्वी मीच बघितलेला. अक्का पीठ मळता मळता म्हणाली, "बंबमा पानी नही शे. बठ्ठं त्या इंजनले गयं."

बंबातलं सगळं पाणी इंजिनाला? मला वाटलं, ती थट्टा करतेय. तेवढ्यात गोदामातला नोकर दोन बादल्या घेऊन आला आणि बंबाची तोटी सोडून त्या भरून घेऊन गेला. परत आला, परत गेला. अक्कानं बंबात गार पाणी ओतलं, जाळ सारला, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा तेच म्हणाली. थोड्या वेळानं मी निखारा घ्यायला गेले तर तिसऱ्यांदा. मी जरा वैतागलेच. ऐकू येतंय गं, म्हटलं, गार पाण्यानं करते आंघोळ.

पुरुष परत आले. गोदामाचं मागचं दार स्वयंपाकघराच्या ओट्यावरून दिसायचं. तिथून मी सगळं पाहिलं. बोटीत असतं तर त्या इंजिनात नदीचंच पाणी फिरून ते गार राहिलं असतं. इथं गोदामात नदी कुठली, म्हणून शेजारी पाण्याचं पिंप ठेवून त्याला नळी जोडलेली. पिंपावर पोतं झाकलं होतं. इंजिन धुऊनपुसून चकचकीत, वर हळदकुंकू, झेंडूची माळ. एक बागाईतदार त्याच्या रंगावर खूष झाला. दुसऱ्यानं नळकांडी, म्हणजे सिलिंडर, मोजली आणि ती आपल्या विहिरीवरच्या इंजिनापेक्षा किती जास्त आहेत ते सगळ्यांना सांगितलं. नानांनी पाठीवर थोपटावं तसं त्याला थोपटलं. झाली परीक्षा!

नोकरानं हँडल मारलं. पहिल्याच फेरीला इंजिन भडाडून चालू झालं, गोदामाचे पत्रे थरथरले. नानांच्या तोंडावर असं समाधान, की जणू ते त्यांनीच पोटी वाढवलं होतं. मेहुण्यांनी नारळ आणून त्यांच्या हातात दिला. नारळ फोडला की सौदा पक्का, मग मागं फिरणं नाही.

आमच्या मालकांनी तेलाची सळई ओढून पाहिली. तेल कोरं, मधासारखं, कालच बदलल्यासारखं. ते म्हणाले, एकदा उद्या सकाळी गार असताना आम्ही स्वतः चालू करून बघितलं तर? विचारलं तेसुद्धा खालमानेनं, सासुरवाडीच्या माणसासमोर. मेहुणे हसून म्हणाले, की घरच्या माणसावर एवढाही भरवसा नाही का? नानांनी धाकट्या भावाकडे असं बघितलं, की ते गप्प झाले. सळई परत जागेवर घातली. पाण्यात जाणारा तो एकटा माणूस, त्या सगळ्यांत इंजिन कळणारा तोच एकटा, आणि त्यालाच गप्प बसवलं. नारळ नानांनी कपाळाला लावला.

मग मला राहवलं नाही. पाव्हणारावळा असताना सुनेनं पुरुषांत जायचं नाही, मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गोदामात जाऊन उभी राहिले. पिंपावरचं पोतं उचललं. वाफ वर आली. मी म्हटलं, "नाना, भर तापीमा हाई इंजन बंद पडनं, तर बंब कोन पेटाडी?"

इंजिन चालूच होतं. मग मेहुणे सावरले. थंडीच्या दिवसांत गरम पाणी टाकून इंजिन चालू करायचं ही जगाची रीत आहे, म्हणाले. ते खोटं नव्हतं. आमच्या विहिरीवरही कधीमधी तांब्याभर टाकतात. पण तांब्याभर वेगळं, आणि पाहुण्यांना नदीवर पाठवून बंबच्या बंब रिकामा करणं वेगळं. हे आम्हाला का नाही सांगितलं, एवढंच मी विचारलं. त्यावर नाना माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाले, बायकोला आत पाठव.

मी आत गेले. पण नारळ तसाच राहिला. सगळ्यांसमोर निघालेली गोष्ट नानांना गिळता येईना. उद्या सकाळपर्यंत थांबतो म्हणाले. इंजिन तपासायला नव्हे, मला खोटं पाडायला. आमच्या मालकांनी दिवसभरात ते इंजिन दोनदा चालवून घेतलं आणि रात्री कुणी तेलापाण्याला हात लावू नये म्हणून गोदामातच अंथरूण टाकलं.

सकाळी बंब पेटला, पण पाणी आंघोळीलाच गेलं. हँडल नोकरानं मारलं, बागाईतदारांनी मारलं, शेवटी पटका काढून नानांनी मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. मग आमच्या मालकांनी सळई ओढली आणि नानांच्या डोळ्यांपुढं धरली. कालचं मधासारखं तेल आज ताकासारखं पांढुरकं झालं होतं. आत कुठंतरी फुटलेलं होतं, पाणी तेलात उतरत होतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं इंजिन, ते पुरात किती वेळ टिकलं असतं ते कुणीही सांगावं.

आता वाटेल, की मला कुणी शाबासकी दिली असेल. परतीच्या बसमध्ये नाना एवढंच म्हणाले, की बाईमाणसानं चारचौघांत बोलायला नको होतं. फसवलं कुणी ते राहिलं बाजूला, बोललं कोण त्याचीच चर्चा पारोळ्यापासून गावापर्यंत. गावात पोचेपर्यंत गोष्ट अशी झाली होती, की लाँच मिळतच होती, हिनं सोयऱ्याचा अपमान केला आणि सौदा मोडला. नारळ नानांच्या हातातच राहिला होता, त्याची चटणी झाली आणि त्यांनी ती दोनदा मागून खाल्ली. त्या पावसाळ्यात केळी सडली, ती माझ्या नावावर जमा झाली. माझा नवरा जिवंत घरी बसलाय, हे मात्र कुणी माझ्या नावावर मांडलं नाही.

अक्काचं घर मला बंद झालं. तिनं निरोप पाठवला नाही, दिवाळीला आली नाही. मला तिचाही राग आला. मी सगळ्यांची बोलणी खाल्ली आणि ती दारामागं उभी होती, नवऱ्याच्या लबाडीला सरपण घालत.

मग काही वर्षांनी आमच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. माहेरी दोघींना जावंच लागलं, आणि मेहुणेही आले. माघाचा महिना, थंडी तशीच. पहाटे परसात आम्ही दोघीच होतो. मी इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर काढलं. तुला सगळं माहीत होतं आणि तू गप्प बसलीस, म्हटलं.

अक्का म्हणाली, "गप कोठे? तुले तीनदा सांगं ना मी."

मी हातातली बादली खाली ठेवली. बंबमा पानी नही शे. बठ्ठं त्या इंजनले गयं. नवरा घरात असताना, नोकर ये-जा करत असताना, तिला जे बोलता येत होतं ते ती बोलली होती, मला कळेपर्यंत. आणि ती मला बोलली, हे मेहुण्यांनाही कळलं होतं. पुढचंही अक्कानं तसंच सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. आम्ही निघालो त्या दिवशीच त्यांनी फर्मान काढलं होतं, की या घरात बंबाचं पाणी हिला नाही. तेव्हापासून धुळ्याच्या थंडीत सगळ्या घराला ती पाणी तापवून द्यायची आणि स्वतः गार पाण्यानं आंघोळ करायची. आता सवय झाली, म्हणाली. वर हसली.

मी बंबात जाळ सारला. लग्नघर, उठल्या उठल्या सगळ्यांना पाणी हवं. मी कुणाला तोटीला हात लावू दिला नाही. सगळा बंब न्हाणीत ओतला, अक्काला आत पाठवलं, आणि बाहेर दाराशी पाट घेऊन बसले. जरा वेळानं मेहुणे खांद्यावर पंचा टाकून आले. मी दिसल्यावर घुटमळले. आंघोळीला पाणी तापलंय का, म्हणून विचारलं.

मी पाटावरून उठले नाही. म्हटलं, "बंबमा पानी नही शे. बठ्ठं अक्काले गयं."