कल्हईचा तास

नाशकात प्राथमिक शाळेत मास्तर झालो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचं वर्ष असावं. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. मुलं बहुतेक तांबटांची. शेजारच्या आळीत दिवसभर हातोडे चालत आणि मधल्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग परतच येत नसे. शाळेत हस्तव्यवसाय शिकवा, असं तेव्हा वरून सांगणं सुरू झालं होतं. आमच्याकडे सूत काढायच्या टकळ्या आल्या. मुलांनी दोन दिवसांत त्यांचे भोवरे केले.

म्हणून मी आळीतल्या कल्हईवाल्या चाचांना शाळेच्या मागच्या अंगणात बोलावलं. साठीचे मुसलमान गृहस्थ, सगळ्यांच्या ओळखीचे. दर बुधवारी ते खड्डा करून भट्टी लावत. एक जण भाता मारी, बाकीची मुलं चिंच आणि वाळू घेऊन घरून आणलेल्या वाट्या घासत. तापलेल्या वाटीत नवसागर टाकून कथील फिरवलं, पांढरा धूर उठून काळपट वाटी चांदीसारखी झाली की चाळीस मुलं अगदी चूप होत. कथील किती होतं, किती उरलं, ही वजाबाकी ती आपणहून करू लागली. बुधवारी कोणी गैरहजर राहीना. आपल्याला शिकवता येतं, असं मला पहिल्यांदाच वाटू लागलं.

एका बुधवारी एका मुलीची वाटी मागे राहिली. घंटा व्हायला आली होती. तिने वाटी धुऊन माझ्या हातात दिली. चाचा म्हणाले, "मास्तर, जरा ठहरो. किनार गीली है."

मी म्हटलं, "सुकेल निखाऱ्यावर," आणि पकडीत धरून ती भट्टीवर ठेवली. चाचांनी नाइलाजाने कथील लावलं. मुलगी पाहायला वाकली. तेवढ्यात फट् असा आवाज झाला आणि ती किंचाळली. उजव्या डोळ्यावर हात दाबून ती खाली बसली.

इस्पितळात डॉक्टरांनी डोळा बांधला. "तिसऱ्या दिवशी पट्टी सोडू. आत्ता काही सांगता येत नाही," म्हणाले.

संध्याकाळी हेडमास्तरांनी मला बोलावलं. "कल्हईवाल्याच्या निष्काळजीपणामुळे झालं, असं मी लिहितो. तुम्ही तोंड उघडू नका. नोकरी नवी आहे तुमची."

मी तोंड उघडलं नाही. मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती मुलीच्या बापाची. तो आळीतला नावाजलेला तांबट, त्याचा एकेक दंड माझ्या मांडीएवढा. रस्त्यात कुणी भरभर चालत आलं तरी मला तोच वाटे.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचं म्हणणं आळीत पोचलं होतं. आळीच्या तोंडाशी पाचसहा माणसं उभी होती. "त्या कल्हईवाल्यानं पोरीचा डोळा घालवला. जाऊन बघतोच त्याच्याकडे," असं एक जण म्हणाला आणि कुणी त्याला गप्प केलं नाही. चाचांच्या घराचं दार बंद होतं. मी तसाच मुलीच्या घरी गेलो.

बाप हंडा ठोकत बसला होता. मी समोर उभा राहिलो तरी त्याचा हात थांबला नाही. ठोक्यांच्या मधेच मी म्हणालो, "वाटी मी ठेवली. चाचा थांबा म्हणत होते."

हातोडा थांबला.

"काठाच्या दुमडीत पाणी राहिलं असणार," तो हळू म्हणाला. "वाफ झाली की कथील उडतं. आमच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे हे. मास्तर, काल का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुमची. नोकरीची."

तो उठला. आता हा मारणार म्हणून मी डोळे मिटले. तो मला ओलांडून बाहेर गेला. आळीच्या तोंडाशी त्याचा आवाज ऐकू आला, "चाचांच्या दाराशी कुणी जायचं नाही. त्यांची चूक नव्हती." परत येऊन तो हंड्याशी बसला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात मी दाराजवळच उभा राहिलो. पट्टी सुटली. डॉक्टरांनी चांगला डोळा झाकून समोर बोटं धरली. "किती?"

"सगळं धुरासारखं दिसतंय," मुलगी म्हणाली. बापाने खाटेचा दांडा घट्ट धरला. डॉक्टरांनी डोळा पुसून थेंब घातले आणि थांबायला सांगितलं. ती दहाएक मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात.

"आता?"

"तीन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "गुरुजी दाराशी का उभेत?"

पापणीवर डाग राहिला, डोळा वाचला. मी हेडमास्तरांना खरं ते लेखी दिलं. त्यांनी तो कागद टेबलाच्या खणात टाकला, पुढे पाठवला नाही. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

चाचा भाता न्यायला आले तेव्हा मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं. "मास्तर, दिल में कुछ नहीं. पर दोन दिवस मी दाराची कडी काढली नाही. आता शाळेत यायला होणार नाही मला."

ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या बुधवारी मुलीचा बाप तांब्याच्या पत्र्याचे तुकडे आणि पत्रा ठोकायच्या लाकडी मोगऱ्या घेऊन अंगणात येऊन बसला. "आग नको," एवढंच मला म्हणाला, आणि मुलांना पत्र्याला खोलगट आकार द्यायला शिकवू लागला. ती मुलगी सगळ्यांत पुढे बसली होती. मी मात्र तास संपेपर्यंत प्रत्येक मुलाचे डोळे मोजत उभा होतो.