धुऱ्याजवळचा गारवा

हातातला चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. फजिती माझीच आहे, तेव्हा हसताना संकोच नको.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, शेतकी शिकून नुकताच नोकरीला लागलेला. काम काय, तर बाळापूरजवळ गुलाबरावांच्या काळ्या वावरात पुरलेले दोन थर्मामीटर रोज दुपारी दोनला वाचायचे. जमीन किती तापते ते लिहायचं. एक थर्मामीटर वावराच्या मधोमध, दुसरा धुऱ्याजवळ, म्हणजे बांधालगत.

चैत्रातलं ऊन. मी बारालाच जायचो आणि धुऱ्याजवळ ढेकळांत छत्री रोवून आडवा व्हायचो. माणसानं आभाळात सोडलेली यंत्रं पृथ्वीभोवती फिरतात, ढगांचे फोटो काढतात, असं पेपरात वाचलं होतं. डोळे मिटले की मी त्या यंत्रात. खाली मोर्शीच्या संत्राबागा गारेगार, बाळापूरची रानं तापून लाल. कधीतरी वावरावावराचा ताप वरूनच मोजता येईल, आणि मी असाच तरंगत असेन... दोन वाजले की खाली उतरायचं.

आठवडाभरात ध्यानात आलं, धुऱ्याजवळची जमीन मधल्यापेक्षा कितीतरी गार. आता सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, खाली पाणी आहे.

गुलाबरावांची विहीर खारट. त्यांची बायको, गंगाकाकू, गोड्या पाण्यासाठी अर्धा कोस चालायच्या.

"गोडं असन काय, मास्तर?" गुलाबरावांनी हळूच विचारलं.

"गारव्यावरून तर गोडंच वाटतं," मी म्हणालो. गारव्यावरून गोडी कशी कळते, ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी धुऱ्याजवळ नारळ फोडून विहिरीसाठी टिकास घातलं. मी अकोल्याला आमच्या साहेबांना दोन पानी रिपोर्ट धाडला.

चौथ्या दिवशी साहेब जीपनं हजर. खड्डा तोवर पुरुषभर खोल आणि ठणठणीत कोरडा. साहेबांसमोर झोपणार कसा? बारापासून मी उन्हात उभा. दोनला वाचलं, तर दोन्ही थर्मामीटर सारखेच.

"गारवा कुठं गेला?" साहेबांनी विचारलं.

गंगाकाकू म्हणाल्या, "जाईन कुठं साहेब? आज मास्तर निजले नाहीत ना. रोज त्याईची छत्री असते तिथं."

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. गुलाबराव खड्ड्यातून वर आले. माझी मान वर होईना. कशीबशी माफी मागितली.

"जाऊ द्या," गुलाबराव म्हणाले, "शेणखताले होईन खड्डा."

काकूंनी मात्र माझ्याकडे नीट पाहिलं.

"मास्तर, उद्यापासून आमच्या म्हशीपाशी येऊन निजत जा. तिले लय गरम होऊन राहिलं."